कोलेस्टेरॉल : अहवाल एकाचा, जबाबदारी घराची

(जागतिक हृदय दिनानिमित्त २९ सप्टेंबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर प्रशासन विभागातर्फे झालेले भाषण)



हृदयरोगाविषयी बोलण्याचा पहिला अधिकार डॉक्टरांचा. तरीही या वर्षी हा विषय प्रशासन विभागाने मांडावा, असे विश्वस्त मंडळाने सुचविले. त्यामागे कारण आहे. डॉक्टरांना रुग्ण भेटतो. आम्हांला त्याचे घर भेटते. अनामत रक्कम भरताना, देयकात सवलत मागताना, शासकीय योजनेची कागदपत्रे गोळा करताना, आणि घरी जाण्याच्या दिवशी औषधांची चिठ्ठी हातात घेऊन ‘हे किती दिवस घ्यायचे?’ असे विचारताना जी माणसे समोर उभी असतात, त्यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे आज जी वैद्यकीय माहिती येथे देत आहोत, ती आपल्या रुग्णालयातील तज्ज्ञांकडून तपासून घेतली आहे.

या अनुभवातून एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची आहे. कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या रक्ताचा अहवाल त्याच्या एकट्याचा नसतो. तो त्याच्या भावंडांचा आणि मुलांचाही असतो. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर जी माणसे रात्रभर बसलेली असतात, त्यांच्यापैकीच एखादा काही वर्षांनी आत दाखल होण्याची शक्यता असते. आतल्या रुग्णासाठी आपण सर्व मिळून पुष्कळ करतो. बाहेरच्या बाकासाठी मात्र फारसे काही करीत नाही. आजचे हे बोलणे त्या बाकासाठी आहे.

शरीराला कोलेस्टेरॉल कशासाठी लागते?

‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द कानावर पडताच तो शत्रू आहे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. हा मेणासारखा पदार्थ अठराव्या शतकात प्रथम पित्ताशयातील खड्यांत सापडला. त्यामुळे त्याच्या नावात पित्त आणि घनता या अर्थांचे दोन ग्रीक शब्द आले. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. ‘ड’ जीवनसत्त्व, अनेक संप्रेरके आणि पचनासाठी लागणारे पित्तरस यांच्या निर्मितीसाठी तो आवश्यक असतो. म्हणूनच शरीर त्याच्यासाठी केवळ आहारावर अवलंबून राहत नाही. गरजेपुरते बहुतांश कोलेस्टेरॉल यकृत व इतर पेशी स्वतःच तयार करतात.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून त्याची ने-आण करण्यासाठी शरीरात प्रथिनांनी वेढलेले सूक्ष्म कण असतात. त्यांपैकी एलडीएल हे कण कोलेस्टेरॉल सर्व शरीरभर पोहोचवितात, तर एचडीएल हे कण उरलेले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्यास साहाय्य करतात. ट्रायग्लिसराइड्स हा रक्तातील मेदाचा वेगळा प्रकार आहे. गोड पदार्थ, मैदा, मद्य, वाढलेले पोट आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे तो विशेषतः वाढतो.

रक्तातील एलडीएल कण आत ओढून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहके असतात. ही ग्राहके म्हणजे जणू माल उतरवून घेण्याचे धक्के. धक्के पुरेसे असतील तर रक्तात गर्दी होत नाही. काही घराण्यांत ही ग्राहके जन्मतःच कमी किंवा सदोष असतात. अशा माणसाने कितीही सात्त्विक आहार ठेवला तरी त्याचे एलडीएल वाढलेलेच राहते. अमेरिकेतील मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन डॉक्टरांनी या ग्राहकांचा शोध लावला आणि १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लहान वयातच हृदयविकाराने ग्रासलेल्या मुलांच्या आजाराचे कारण शोधताना ते या शोधापर्यंत पोहोचले होते. आनुवंशिकतेचा धागा या विषयाच्या मुळातच आहे, तो असा.

दुखत नाही, हीच खरी अडचण

एलडीएलचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिले की ते कण धमनीच्या आतील अस्तरात शिरून अडकतात. तेथे दाह होतो, पेशी जमतात आणि हळूहळू मेदाचा थर तयार होतो. ही प्रक्रिया एका वर्षाची नव्हे, दशकांची असते. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर ही थकबाकी आहे. रक्कम किती, यासोबत ती किती वर्षे थकली, यालाही तितकेच महत्त्व. तिशीत वाढलेले आणि पन्नाशीपर्यंत तसेच राहिलेले एलडीएल हे पन्नाशीत प्रथम वाढलेल्या एलडीएलपेक्षा अधिक नुकसान करून गेलेले असते.

या सर्व काळात माणसाला काहीही जाणवत नाही. दात किडला तर ठणकतो, पोटात खडा झाला तर माणूस गडबडा लोळतो. कोलेस्टेरॉल वाढल्याने डोके दुखत नाही की दम लागत नाही. धमनी बरीच अरुंद झाल्यावर चढ चढताना छातीत दडपण येते, तेव्हा पहिली सूचना मिळते. अनेकांना तीही मिळत नाही. मध्यम आकाराचा थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत रक्तप्रवाह थांबतो. ‘काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होते हो,’ हे वाक्य आमच्या नोंदणी कक्षात फार वेळा ऐकू येते. ते वाक्य खोटे नसते. ठणठणीत दिसणे आणि धमनी निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

हे ज्ञान एका दिवसात हाती आलेले नाही. १९१३ साली रशियातील निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार देऊन त्यांच्या धमन्यांत थर साचतात, हे दाखविले. १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील पाच हजारांवर रहिवाशांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तीतून स्पष्ट झाला. पुढे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने आपल्यासाठी महत्त्वाची एक बाब पुढे आणली. पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियातील लोकांमध्ये ५३ वर्षे, तर इतर देशांत जवळजवळ ५९ वर्षे आढळले. म्हणजे सुमारे सहा वर्षे आधी. कर्त्या माणसाच्या आयुष्यातील ही सहा वर्षे कोणती असतात, ते येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि घराच्या कर्जाचे हप्ते याच वर्षांत येतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १ लाख १३ हजार प्रौढांचा समावेश होता. त्यानुसार साधारणतः चारांपैकी एका प्रौढाचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे आणि तिघांपैकी दोघांचे एचडीएल कमी आहे. या सभागृहातील खुर्च्यांच्या रांगांकडे पाहून हा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

अहवाल कसा वाचावा?

लिपिड प्रोफाइलचा अहवाल हातात आला की बहुतेकजण वरचा पहिला आकडा वाचतात आणि कागद घडी घालून ठेवतात. आपण एक उदाहरण घेऊ. एकूण कोलेस्टेरॉल २४०, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड्स २१० आहेत. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या परिमाणात असतात. पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएलचा आकडा वजाबाकीने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावयाचे, आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भागही वजा करावयाचा. २४० वजा ३८ वजा ४२, बाकी १६०. हे झाले एलडीएल. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हे सूत्र लागू पडत नाही, तेथे एलडीएल थेट मोजावे लागते. एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा केले की ‘नॉन-एचडीएल’ मिळते, येथे ते २०२. आपल्याकडे मधुमेह आणि ट्रायग्लिसराइड्सचे प्रमाण अधिक असल्याने डॉक्टर या आकड्याकडेही लक्ष देतात.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेली ‘सामान्य मर्यादा’ सर्वांसाठी एकच असते. उद्दिष्ट मात्र प्रत्येकाचे वेगळे असते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० च्या खाली असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी धोका अधिक असेल तर ते ७० च्या खाली असावे. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, त्यांचे ५५ च्या खाली असावे. अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाचे एलडीएल ९५ आले तर छापील अहवालावर कोणतीही खूण नसते. घरातील मंडळी म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आला.’ त्या माणसासाठी तो नॉर्मल नसतो. म्हणून उजवा रकाना पाहून निर्णय न घेता ‘यांचे एलडीएल किती असावयास हवे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा आणि उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

याच तत्त्वांनुसार पहिली तपासणी वयाच्या १८ व्या वर्षी करावी. घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर त्याहीपूर्वी करावी. प्राथमिक तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नसते. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले आढळले तर डॉक्टर उपाशीपोटी पुन्हा तपासणी सांगतात. लायपोप्रोटीन-ए नावाचा आणखी एक आनुवंशिक घटक आयुष्यात एकदा तरी मोजून घ्यावा, असेही त्यांत सुचविले आहे. थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते, हे लक्षात ठेवावे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचे एलडीएल वाढते. परंतु आपल्या घरांतून बाईची तपासणी सर्वांच्या शेवटी होते, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

दोन भाऊ, एक फाइल

कुटुंबाच्या संमतीने आणि नाव न घेता एक हकीकत सांगतो. बाजारपेठेत किराणा दुकान चालविणारे ४६ वर्षांचे गृहस्थ मध्यरात्री छातीत दुखू लागल्याने येथे आणले गेले. अँजिओप्लास्टी वेळेत झाली आणि ते बचावले. दुसऱ्या दिवशी योजनेच्या कागदपत्रांसाठी त्यांच्या पत्नी आमच्या कक्षात आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घरातील सर्व कागद होते. रेशनकार्ड, आधारकार्ड, दुकानाचा परवाना, आणि त्यांच्यातच चार वर्षांपूर्वीच्या एका तपासणी शिबिराचा अहवाल. एलडीएल १९४. प्रयोगशाळेने आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला होता. तो कोणी कोणाला दाखविला नव्हता. ‘त्यांना काही त्रासच नव्हता, मग कशाला दाखवायचा?’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यात निष्काळजीपणा नव्हता. त्रास झाल्यावरच दवाखान्यात जावे, ही आपल्या सर्वांचीच रीत आहे.

त्या पिशवीतील कागद आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी पाहिला आणि बाहेर बसलेल्या धाकट्या भावाला बोलावून घेतले. वय ४१, व्यसन नाही, वजन बेताचे, पंढरीची पायी वारी करणारा माणूस. त्याचे रक्त तपासले तेव्हा एलडीएल २०१ आले. थोरल्या भावाच्या १७ वर्षांच्या मुलाचे १८८ आले. त्यांच्या वडिलांचे पन्नाशीत अचानक निधन झाले होते. घरात त्याची नोंद ‘वेळ आली होती’ एवढीच होती.

या प्रकाराला आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ म्हणतात. जगभरातील पाहण्यांनुसार साधारणतः २५० ते ३०० माणसांमागे एकाला ती असते. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात ती उतरण्याची शक्यता निम्मी असते. कधी पापण्यांवर पिवळसर चट्टे दिसतात, कधी टाचेमागची शीर जाड होते. बहुतेक वेळा मात्र बाहेरून काहीच कळत नाही. रक्त तपासल्याशिवाय तिचा पत्ता लागत नाही. ती लवकर सापडली तर उपचारांनी आयुष्य वाचविता येते. त्या कुटुंबात एकाच्या आजारपणातून आणखी दोघे वेळेत सापडले. त्यांना कोणत्याही शस्त्रक्रियेची गरज पडलेली नाही. धाकट्या भावाची गोळी सुरू झाली असून मुलाचे पुढील उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालू आहेत.

म्हणून आमची नम्र विनंती अशी, की ज्या घरात पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, त्या घरातील सख्ख्या भावंडांनी व मुलांनी आपली तपासणी करून घ्यावी. वजन कमी आहे किंवा माळ घातली आहे म्हणून ती टाळू नये.

स्वयंपाकघरात काय करावे?

आहाराविषयी मतमतांतरे फार, म्हणून निश्चित तेवढेच सांगतो. प्रथम एक गैरसमज. तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ते खरे आहे, पण त्यात विशेष काही नाही. खाण्याच्या कोणत्याही वनस्पतिजन्य तेलातून कोलेस्टेरॉल म्हणावे असे मिळतच नाही. ते प्राणिज पदार्थांतून येते. पाहावयाचे असते ते तेलातील स्निग्धाचे स्वरूप. संपृक्त मेद जास्त झाला की यकृतावरील ती ग्राहके मंदावतात आणि एलडीएल रक्तातच राहते. तूप, लोणी, साय, पाम तेल आणि खोबरेल यांत संपृक्त मेद अधिक असतो. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी या तेलांत तो कमी असतो. आपल्या सोलापूर आणि मराठवाड्याकडील करडईचे तेल हृदयाच्या दृष्टीने चांगले आहे. अर्थात चांगले तेलही बेतानेच वापरावे. माणशी महिन्याला सुमारे अर्धा लिटर हे प्रमाण आहारतज्ज्ञ सांगतात. चौघांच्या घरात महिन्याला तेलाचे किती लिटर येतात, हे किराणा मालाच्या यादीवरून आजच तपासता येईल.

वनस्पती तुपातील ट्रान्स मेद सर्वांत घातक, कारण तो एलडीएल वाढवितो आणि एचडीएल घटवितो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व स्निग्ध पदार्थांतील त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. ही चांगली गोष्ट झाली. मात्र एकाच कढईतील तेल पुन्हा पुन्हा तापविल्यानेही अपायकारक द्रव्ये तयार होतात. म्हणून तळणीचे काळे पडलेले तेल घरात फोडणीसाठी वापरू नये.

अंड्याविषयी नेहमी विचारले जाते. एका अंड्यात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. तथापि आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा परिणाम रक्तावर अधिक होतो, असे आज मानले जाते. निरोगी माणसाने बेताने अंडी खाण्यास हरकत नाही. मधुमेही व हृदयरुग्णांनी डॉक्टरांना विचारावे. चिंता करावयाची तर अंड्यापेक्षा चहासोबतची खारी, रोजचा फरसाण आणि वडापाव यांची करावी. उपवासाच्या नावाखाली तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली जाते, तिने ट्रायग्लिसराइड्स वाढतात. उपवास देवासाठी करावा, खिचडीसाठी नव्हे, असे आमचे आहारतज्ज्ञ थट्टेने म्हणतात.

काय वाढवावे, तर तंतुमय पदार्थ. मटकी, हरभरा, कुळीथ, मेथी, जव, ओट्स, पेरू आणि इसबगोल यांतील काही तंतू आतड्यात पित्तरसाला बांधून बाहेर टाकतात. मग नवीन पित्तरस तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, लसणाची चटणी आणि ताक हा आपला जुना आहार याच वाटेवरचा आहे. त्यासोबत आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालावे. तंबाखू, मशेरी व धूम्रपान पूर्ण बंद करावे. मात्र आहाराची मर्यादाही ओळखावी. चांगल्या पथ्याने एलडीएल साधारणतः १० ते १५ टक्के उतरते. ज्याचे २०० आहे, त्याला तेवढ्याने पुरत नाही.

गोळी आणि तिच्याविषयीची भीती

एलडीएल उतरविण्याचे मुख्य औषध म्हणजे स्टॅटिन. त्याचा शोध जपानमधील अकिरा एन्दो यांनी लावला. हजारो बुरशी तपासल्यावर १९७३ साली त्यांना एका निळसर बुरशीत असा पदार्थ सापडला, जो यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतो. निर्मिती कमी झाली की यकृत अधिक ग्राहके तयार करते आणि रक्तातील एलडीएल ओढून घेते. १९८७ मध्ये या वर्गातील पहिले औषध अमेरिकेत विक्रीस मंजूर झाले. १९९४ मध्ये स्कॅंडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होते. पुढील अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून असे दिसले, की एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारणतः एक पंचमांशाने कमी होतात.

ही गोळी आता महाग राहिलेली नाही. नेहमीच्या मात्रेतील ॲटोरव्हास्टॅटिनच्या महिनाभराच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात शंभर रुपयांच्या आत मिळतात. तरीही ती मध्येच बंद होते, आणि पुष्कळदा पैशांचा त्यात संबंध नसतो. पहिले कारण, अहवाल उत्तम येतो. माणूस म्हणतो, आता बरे झाले. वास्तविक तो अहवाल गोळीमुळे उत्तम असतो. ती थांबविली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जातो. चष्मा लावल्यावर नीट दिसू लागले म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही. दुसरे कारण, ऐकीव भीती. शेजारी सांगतात की यकृत खराब होते, स्मरणशक्ती जाते. काहींना स्नायुदुखी होते, हे खरे आहे. रक्तातील साखर किंचित वाढू शकते, हेही खरे आहे. यकृताला गंभीर इजा मात्र फार क्वचित होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी औषधविरहित गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले गेले. खऱ्या गोळीच्या काळातील त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळीच्या काळातही नोंदला गेला होता. त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण बहुतांशी औषधात नव्हते. हे कळल्यावर त्यांतील निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

तेव्हा त्रास वाटला तर गोळी परस्पर सोडू नये, डॉक्टरांना भेटावे. मात्रा बदलता येते, दुसरे औषध देता येते. स्नायू तीव्र दुखू लागले आणि लघवी गडद झाली तर ताबडतोब यावे. गरोदर स्त्रियांनी, तसेच अपत्याचा विचार असलेल्या स्त्रियांनी हे आधीच सांगावे. एकादशीला गोळी चालते का, असेही विचारले जाते. चालते.

देणगीदारांस विनंती

आता आमच्या मूळ विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने औषधलेपित स्टेंटची किंमत करांव्यतिरिक्त ₹२९,६०० वर मर्यादित केली, त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना दिलासा मिळाला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च भागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. ही सर्व व्यवस्था मोलाची आहे. परंतु ती माणूस खाटेवर आल्यानंतर सुरू होते. जो भाऊ अजून आजारी पडलेला नाही, त्याच्या रक्ततपासणीचे पैसे यांपैकी कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. आणि नेमकी तीच तपासणी सर्वांत स्वस्त असते.

म्हणून प्रशासनाने विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. कमी वयात हृदयविकाराने येथे दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची व मुलांची लिपिड तपासणी, रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी येथेच विनामूल्य करावी. अहवालाचा अर्थ त्यांना मराठीतून समजावून द्यावा. ज्यांना औषध सुरू होईल, त्यांना तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी दूरध्वनीने आठवण करून द्यावी.

या कामासाठी स्वतंत्र निधी लागेल. आजवर आपण येथे यंत्रे दिलीत, रुग्णवाहिका दिली, वडिलांच्या स्मरणार्थ खोल्या बांधून दिल्यात. त्या प्रत्येकावर आपल्या नावाची पाटी आहे आणि ती असणे योग्यच आहे. या निधीतून मात्र दाखविण्याजोगे काही उभे राहणार नाही. न आलेल्या झटक्यावर पाटी लावता येत नाही. ज्याचा जीव वाचला, त्यालाही कदाचित कळणार नाही की तो वाचला. तो आपल्या दुकानात गल्ल्यावर बसलेला असेल, एवढेच. देणगीदारांनी या न दिसणाऱ्या कामाला हातभार लावावा, अशी आम्ही हात जोडून विनंती करतो.

आणि नातेवाईक मंडळींना एवढेच सांगणे आहे. घरी गेल्यावर कपाटातील कागदांची पिशवी उघडावी. जुने अहवाल शोधावेत. ज्या आकड्याभोवती कोणी लाल गोल करून ठेवला आहे, तो कागद घेऊन बाह्यरुग्ण विभागात यावे. अहवालच नसेल, तर तपासणीसाठी यावे. दुखण्याची वाट पाहू नये.